वन गावाचे, पास कुणाचा?

नोकरीच्या निमित्ताने लखनौस येऊन राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींत एक मत फार सहजपणे मांडले जाते. जंगल सरकारी खात्याच्या ताब्यात आहे म्हणून निदान उरले तरी आहे; ते खेडुतांच्या हवाली केले, की चार पावसाळ्यांत तेथे खुंटही दिसायचा नाही, असे ते मत. ते मांडणारे बहुधा सज्जन असतात आणि जबाबदारीच्या जागांवर असतात. आम्हीही केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहूनच पोट भरतो. तथापि हे मत पुराव्यास उतरत नाही. आणि ज्यांच्या टेबलावर नस्ती येते त्यांच्याच तोंडी ते असल्यामुळे निरुपद्रवीही राहत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पुरावाच हवा असेल तर गोव्याच्या सीमेलगतच्या कारवार जिल्ह्याकडे पाहावे. दांडेलीच्या कागद-गिरणीला १९५८ साली तत्कालीन म्हैसूर राज्याने तेथील जंगलातील बांबू टनाला दीड रुपया या दराने देऊ केला. टोपल्या विणून जगणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. पुढे बांबू खुंटू लागला तेव्हा बोट गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे दाखविण्यात आले. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळांनी तेथे जाऊन पाहणी केली. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. बेट मोकळे वाढावे म्हणून ते जाळे शास्त्रीय म्हणविल्या जाणाऱ्या पद्धतीने साफ केले जाई. परंतु नव्या कोंबांचे कुंपण तेच! ते निघाल्यावर कोवळे कोंब जनावरांनी फस्त केले. गावकरी हे पूर्वीपासून सांगत होते. ऐकून घेणारा कोणी नव्हता. अडाणी कोणास म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

आता गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव घेऊ. सर्वांच्या संमतीवाचून निर्णय नाही, आणि अभ्यासावाचून संमती नाही, अशी या गावाची रीत. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज आहे असे स्वच्छ लिहिलेले आहे. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळाला. प्रश्न मिटला असे कोणासही वाटावे. पण बांबू तोडून विकायचा तर तो गाडीत भरून न्यावा लागतो, आणि नेण्यास पास लागतो. तो पास खात्याने द्यावयाचा, व खाते तो देईना! मालकी गावाची, परंतु माल हलविण्याची मुभा नाही, असा हा विलक्षण हक्क होता. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून कायद्यातील बांबूची व्याख्या समजावून द्यावी लागली, आणि त्याच वर्षी २७ एप्रिल रोजी स्वतः मेंढ्यास जाऊन पासबुक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. संसदेने पाच वर्षांपूर्वी केलेल्या कायद्याचा अंमल व्हावा म्हणून मंत्र्याने दिल्लीहून एका खेड्यात यावे, यात गावाचा गौरव आहे. आपल्या कचेऱ्यांचा नाही.

कारकुनी करणाऱ्या माणसाला या प्रकरणाचा अर्थ लवकर कळतो. हक्क कायद्याच्या पोथीत असतो, पण सत्ता शिक्क्यात असते. पाससंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना १९२७ च्या वन-कायद्याच्या कलम ४१ ने दिला. त्या शिक्क्याच्या आधारे वनाचा धंदा ज्याच्या हाती ठेवावयाचा त्याच्याच हाती तो राहिला. म्हणूनच सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. गौण वनोपजाचा पास ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभा नेमील त्या व्यक्तीने द्यावा, आणि पासाच्या सबबीखाली विक्रीचा हक्क आखडू नये, असे त्यात स्पष्ट आहे. आता कोणी "वरून आदेश नाहीत" असे म्हणेल, तर त्याने नियम वाचलेले नाहीत, किंवा वाचून बाजूस ठेवले आहेत.

खेडूत लोभापायी जंगल विकून टाकतील या शंकेस उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने दिले आहे. तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून हातचे उत्पन्न सोडून या गावाने तेंदूची तोड बंद केली, आणि बांबूवर आपला व्यवहार उभा केला. महसूल बुडेल या भीतीने ज्या कचेऱ्यांना असा ठराव कधी सुचला नसता, तो एका ग्रामसभेने केला.

सर्वच गावे मेंढा किंवा पाचगाव नव्हेत, हे आम्हांस मान्य आहे. तेंदूच्या व्यवहारात काही ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांनी थकविले, हेही खरे. परंतु यावर उपाय हिशेब शिकविणे, करार पक्के करून देणे आणि थकबाकी वसूल करून देणे हा आहे. चोरी झाली म्हणून घरधन्याच्या किल्ल्या काढून घेण्याचा न्याय कोणत्या शास्त्रातला?

हे सारे महाराष्ट्राचे, आपण पडलो लखनौस, असे म्हणून सुटका नाही. कुमाऊंच्या डोंगरात सरकारने वने राखीव केली, तेव्हा लोक खवळले आणि १९२१ साली जंगले पेटली. त्याच वर्षी गाऱ्हाणी ऐकण्यास समिती नेमावी लागली, आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. परक्या सरकारने नाइलाजाने जे दिले, ते १९७६ साली उत्तर प्रदेशाच्या स्वकीय शासनाने नियम बदलून पुन्हा पुष्कळसे खात्याच्या मुठीत आणले! ते डोंगर २००० साली वेगळ्या राज्यात गेले. तेथे आजही दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. पण खेरी जिल्ह्यातील थारू येथेच आहेत. दुधव्याचे राष्ट्रीय उद्यान १९७७ साली झाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी आपल्याच वनात अतिक्रमक ठरले. त्यांच्या सूरमा गावाला हक्कपत्रे मिळाली ती २०११ साली.

आमचे मागणे मोर्चाचे नाही. परप्रांतात आलेला अधिकारी गावकीच्या भांडणांपासून मोकळा असतो. निःपक्षपातीपणाची ही संधी त्याने दवडू नये. ग्रामसभेचा दावा टेबलावर आला, तर तो उपकाराचा अर्ज समजू नये. तो हक्काचा कागद आहे. त्रुटी असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी, त्रुटीसाठी दावा फेटाळू नये. आणि पासबुक मागितले गेले, तर ते मंत्र्याच्या फेरीची वाट न पाहता द्यावे. वन राखणाऱ्या गावाला वन विकण्याचे भय दाखविणे पुरे झाले.