कुरडयांची बादली



चैत्र लागला की आमच्या गल्लीत एकच चर्चा, यंदा कुरडयांना गहू किती भिजवायचे? मला या वेळी वेगळंच विचारायचं आहे. कशात भिजवायचे?

आधी माझी चूक सांगते. तीन वर्षं मी कुरडयांचे गहू रंगाच्या बादल्यांत भिजवत होते. घराला रंग काढला तेव्हा २० लिटरच्या दोन बादल्या उरल्या होत्या. झाकण घट्ट, कडी मजबूत आणि खर्च शून्य. घासल्या, सोड्याच्या गरम पाण्यात ठेवल्या, आठ दिवस उन्हं दाखवली. आता काय राहिलंय त्यात, असं वाटलं मला. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, आल्या होत्या. झाकण उघडून म्हणाल्या, "हा नुसता आंबूस वास नाही गं." मी हसण्यावारी नेलं. चीक काढला, शिजवला, कुरडया घातल्या, वाळवल्या आणि डबा भरून लेकीला पुण्याला धाडला. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

आक्कांचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. शेवटी एका दुपारी बादली उलटीपालटी करून तिच्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. रिकाम्या डब्यात अन्न किंवा पाणी साठवू नये, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. तीन वर्षं माझ्याच न्हाणीघरात ते छापलेलं होतं! लेकीला फोन केला, "त्या कुरडया तळू नकोस, टाकून दे." कारण सांगताना जीभ जड झाली. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "आई, तू तर मला पीठ कधी दळलंस तेसुद्धा विचारतेस."

खरंच विचारते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आमच्या घरात पोरांनासुद्धा पाठ आहे. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. शिरलेल्या घरात कांदा-लसूण शिजतो का, याची चौकशी आपण पाहुणे असूनही करतो. आणि त्या गाळलेल्या पाण्यात, निवडलेला गहू, आपण ज्यात तीन दिवस मुरवत ठेवतो त्या बादलीला कुणी काही विचारत नाही.

(आंबवणंच मुळात चालतं का, असं काही जणी विचारतील. कडक नियम पाळणाऱ्यांकडे कुरडई होत नाही आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. आमच्याकडे चातुर्मासात आंबवलेलं वर्ज्य, उन्हाळ्यात होतं. हे लिहितेय ते ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी.)

भांडं महत्त्वाचं का, ते नीट समजून घ्या. रोज पाणी बदललं तरी तिसऱ्या दिवशी गहू आंबतोच, आंबायलाच हवा, नाहीतर दाबल्यावर चीक सुटत नाही. ते आंबट म्हणजे आम्ल. दह्याला जे आंबट करतं तेच. दोन तास ठेवलेलं पीठ आणि तीन दिवस मुरलेला गहू यांत हाच फरक आहे. आम्लाला वेळ मिळाला की ते भांड्यातलं काही ना काही ओढून घेतं. पितळेच्या घंगाळात कल्हई नसेल तर अन्न कळकतं, हे आपल्या आज्यांना शाळा न शिकता माहीत होतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिकाला करडी छटा येते ती त्यामुळेच. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली तर नकोच. आंबट पदार्थात जस्त उतरतं आणि उलट्या होतात.

प्लॅस्टिकचं जरा सविस्तर सांगते, कारण फसतो आपण तिथेच. बादलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ दिसला की "चांगलं प्लॅस्टिक आहे" म्हणून मोकळं होतो. माझ्या रंगाच्या बादलीवरही ५ होता! तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, ते अन्नासाठी बनवलंय की नाही हे सांगत नाही. आत कुठला रंग मिसळला, आधी काय भरलं होतं, हेही नाही. भिंतीचा रंग डब्यात कुजू नये म्हणून त्यात जंतुनाशक घालतात, आणि प्लॅस्टिक वास व तेलकट द्रव्यं आत शोषून घेतं. वरून घासून ती निघत नाहीत. म्हणून पेला आणि काटा-चमचा यांचं चिन्ह बघा, "फूड ग्रेड" लिहिलंय का बघा. भारतीय मानकाचा क्रमांक असला तर उत्तम: २ आकड्याच्या जातीसाठी आयएस १०१४६ आणि ५ साठी आयएस १०९१०. बाजारातले ते काळे, चॉकलेटी, स्वस्त टब धुण्याभांड्याला ठेवा.

बेकरीतून, मिठाईवाल्याकडून रिकाम्या बादल्या ५०-६० रुपयांत मिळतात. त्या अन्नाच्याच असतात, म्हणून अनेकजणी घेतात. घ्या, पण आपल्याला एक प्रश्न जास्तीचा आहे. आधी काय होतं आत? मेयोनीजची असेल तर त्यात अंडं असू शकतं. लोणच्याची असेल तर लसूण, आणि लसणाचा वास प्लॅस्टिकमधून वर्षभर जात नाही. साखरेच्या पाकाची किंवा डालड्याची असेल तर आणा. आतून ओरखडे असतील तर तीही नको, त्या चिरांत आदल्या वर्षीचं आंबट राहतं.

चिनी मातीची बरणी मला मनापासून आवडते, पण ती लोणच्याला. ५ किलो गहू भिजून फुगले की वरच्या पाण्यासकट १५-१६ लिटर होतात. एवढी मोठी बरणी भरलेली उचलायची म्हणजे कंबर आणि बरणी दोन्ही जायच्या. आणि आतल्या बाजूला रंगीत नक्षी असलेली बरणी आंबटाला वापरूच नका. त्या रंगात शिसं असू शकतं.

राहिलं स्टील. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा ताई, चिकटत नाही, अस्सल." ३०४ लाही चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ लाही जवळजवळ नाही, त्यामुळे त्या खेळाला अर्थ नाही. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं, मीठ आणि आंबट ते नीट सोसतं. कुरडयांच्या गव्हात भिजवताना मीठ नसतं, त्यामुळे माझ्या मते २०२ चं पातेलंही तीन दिवसांना चालतं. मीठ घालून महिनोन्महिने काही ठेवायचं असेल तर मात्र ३०४ च हवं.

आता कळीचा मुद्दा पैशांचा. २० लिटरचं चांगलं स्टीलचं पातेलं दोन हजारांच्या घरात जातं. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूला एवढे कोण घालणार? मीही घातले नसते, आणि रंगाची बादली घरात शिरते ती याच हिशेबाने. पण हा हिशेब एका घराचा का मांडायचा? कुरडया तशाही आपण एकटीने कधी घालत नाही. सोऱ्या एकीचा, चूल दुसरीची, गच्ची तिसरीची. मग पातेलंच तेवढं प्रत्येकीचं वेगळं कशाला?

गेल्या दिवाळीला आम्ही पाच घरांनी मिळून ३०४ चं झाकणाचं पातेलं घेतलं, घरटी सव्वाचारशे रुपये पडले. लसूण-अंड्याच्या घरी जाणार नाही हे आधीच ठरलंय, त्यामुळे कुणाला विचारताना संकोच नाही. ज्या गावात मंदिराची किंवा समाजाची भांडी आहेत तिथे तर विकतही घ्यायला नको, थोडी देणगी देऊन चार दिवसांना मिळतात. फक्त ती ॲल्युमिनियमची नाहीत ना, ते बघा.

आमच्या पातेल्याची पहिली पाळी आक्कांची. झाकणाची एक कडी सैल झालीय, ती अक्षय तृतीयेच्या आत बसवून घ्यायचीय, कारण त्यानंतर माझे गहू आहेत. लेकीनं तीन किलो जास्त भिजवायला सांगितलंय.