विमा बँकेसाठी की बापासाठी?

घरकर्ज घेतलं की आयुर्विमा घ्यावाच लागतो, असं कोणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: कुठल्या कायद्यानं? उत्तर येणार नाही, कारण असा कायदाच नाही. रिझर्व्ह बँकेची तशी सक्ती नाही, विमा नियामक 'इर्डाई'चीही नाही. तरी पहिलं घर घेणाऱ्या पोरांच्या फायलीत हा विमा हमखास घुसतो.

मी मुरबाड तालुक्यातल्या म्हशाचा, कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. बदलापूरच्या वन-बीएचकेसाठी कर्ज काढताना बँकेतले साहेब म्हणाले, "विम्याचा रकाना भरल्याशिवाय सिस्टीम फाइल पुढे घेत नाही." सिस्टीम काय घेते नि काय नाही, ते लिहिण्यावरच माझं पोट आहे. रकान्यापुढचा लाल तारा आभाळातून पडत नाही. वरून कोणीतरी सांगतं, माझ्यासारखा कोणीतरी तो लावतो. "सक्तीचा आहे हे लेखी द्या," म्हटलं. फाइल पुढे गेली.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलबाजार भरतो. आपली माणसं बैलाचे दात बघतात, चालवून बघतात, मग भाव बोलतात. एखादा म्हणाला, "झूलही माझ्याकडूनच घ्यायची, पैसे बैलाच्या किमतीत धरलेत," तर त्याच्यापुढे कोणी थांबेल का? बँकेत मात्र आपण मान डोलावतो. समजा, विम्याचा एक लाखाचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला. ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. महिन्याला ८६८ रुपये, म्हणजे शेवटी जवळपास २ लाख ८ हजार. बहुतेक अशा योजनांत संरक्षण कर्जाबरोबर घटत जातं आणि दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला; कर्जासोबत विकल्या जाणाऱ्या गट-पॉलिसीला ती सूट नाही.

हे कळलं की रीलवाले दुसरं टोक गाठतात: विमाच नको, सगळी लूट. ही थापही तितकीच महागात पडते.

"माझं लग्न झालेलं नाही, माझ्यावर कोण अवलंबून आहे?" असं मित्र विचारतात. मी उलट विचारतो, पगार कमी पडला तेव्हा सहकर्जदार म्हणून सही कोणाची घेतलीस? बापाची. जामीन कोण राहिलं? मामा. वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं, पण सहकर्जदाराला अख्खं कर्ज लागतं. जामीनदाराची जबाबदारीही १८७२च्या करार कायद्यानं एरवी कर्जदाराइतकीच. ३० लाखांचं कर्ज, हप्ता २६ हजार. दहा वर्षं इमानानं भरूनही सुमारे २१ लाख बाकी असतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही. आपली पोरं रात्रपाळी करून बाईकवर घरी येतात. उद्या एखादा आलाच नाही, तर भातशेतीतून महिन्याला २६ हजार कुठून निघणार? ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. बँकेकडे तारण म्हणून घर आहे. बापाकडे तुमच्याशिवाय काय आहे?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कर्जाला विमा लागत नाही, माणसांना लागतो. सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, तुमच्या पगारावर कोणाची चूल पेटत नाही, आणि घर विकून कर्ज फिटतं? मग खुशाल नाही म्हणा. नाहीतर बँकेबाहेर साधा टर्म विमा घ्या: रक्कम न घटणारी, कर्जाहून मोठी, म्हणजे कर्ज फेडून घरी काही उरेल. कंपनीच्या गटविम्यावर विसंबू नका. नोकरी गेली की तोही जातो. तंबाखू मळत असाल तर फॉर्मवर तसं लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी लपवलेली तंबाखू घरच्यांना भोवू शकते. लग्न झालं असेल तर १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्या. ते पैसे बायको-मुलांचे राहतात, सावकाराला त्यांना हात लावता येत नाही.

आणि बँकेनं गळ्यात मारलेली पॉलिसी आत्ताच हातात पडली असेल, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आधी टर्म विमा मंजूर करून घ्या, मग ती परत करा. तारीख आजच बघा.