भाजलेला म्हणून हलका?

'पिझ्झा पफ तळलेला नसतो, भट्टीत भाजलेला असतो. समोसा-कचोरीपेक्षा तो केव्हाही बरा.' जालना शहरात काय किंवा अंबड-परतूरसारख्या तालुक्याच्या गावी काय, पालकांच्या तोंडी हा युक्तिवाद आता पक्का बसला आहे. आत भाज्या आणि चीज असतं, म्हणजे पोषणही झालं, असं पुढे सांगितलं जातं. आणि शेवटी, पोरं शाळेतून थेट क्लासला जातात, पोटात काहीतरी पडलेलं बरं. हे सगळं मायेपोटी बोललं जातं, पण मायेपोटी बोललेलंही तपासून घ्यावं लागतं.

पहिला मुद्दा घेऊ. पदार्थ तळताना तेल बाहेरून आत शिरतं. पफमध्ये ते भट्टीत जाण्याआधीच घातलेलं असतं. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर घट्ट वनस्पती तूप किंवा मार्गारीन पसरायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. भट्टीच्या उष्णतेने पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते आणि मधला स्निग्ध थर त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. पफ हाताला हलका लागतो तो या पोकळीमुळे. अशा पिठात स्निग्ध पदार्थ मैद्याच्या वजनाच्या निम्मा, पाऊण, कधी बरोबरीनेही घालतात. तो कमी केला की पदर सुटत नाहीत, म्हणजे पफ पफच राहत नाही. सकाळच्या चहाबरोबरची खारी याच पिठाची, आणि आजारी माणसाला 'हलकं काहीतरी' म्हणून आपण तीच देतो.

दहापेक्षा कमी शाखा आणि केंद्रीय परवाना नसलेल्या दुकानाला उष्मांकांची पाटी लावण्याची सक्ती नाही. त्यामुळे आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आकडा मिळत नाही, हिशेब आपणच मांडावा लागतो. नव्वद ग्रॅमच्या आसपासचा पफ धरू: 40 ग्रॅम मैदा, त्याच्या निम्म्याहूनही थोडं कमी म्हणजे 18 ग्रॅम स्निग्ध, बाकी सारण आणि थोडं पाणी. मैद्याचे साधारण 140 उष्मांक, स्निग्धाचे दर ग्रॅमला 9 प्रमाणे 162, सारणाचे तीस-चाळीस. बेरीज 340 च्या घरात जाते आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा पदरांमधल्या तुपाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 उष्मांकांच्या दिवसाच्या आहारासाठी 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. त्यातले दोन तृतीयांश मधल्या सुट्टीतच संपले, घरची फोडणी अजून व्हायची आहे.

भाज्यांचं म्हणाल तर सारणात ढोबळी मिरचीचे चार तुकडे, कांदा, मक्याचे दाणे आणि टोमॅटो सॉस असतो. या सॉसला भाजी ठरवण्याचा आग्रह अमेरिकेत कायद्यापर्यंत पोहोचला होता. 2011 मध्ये तिथल्या कृषी खात्याने शाळेच्या जेवणात टोमॅटोचा गर जेवढा असेल तेवढाच मोजायचं म्हटलं, तर संसदेने ते अडवलं आणि दोन मोठे चमचे गर अर्धा कप भाजीच्या बरोबरीचा धरणं चालू राहिलं. आपल्या घरी ही सवलत कोणी घेऊ नये. चीजचंही तसंच. स्वस्त पफमध्ये ते पाच-सात ग्रॅमच्या पुढे क्वचित जातं, आणि अनेकदा ते दुधाचं नसून वनस्पती तेल घालून बनवलेला चीजसारखा पदार्थ असतो. एवढ्यातून ग्रॅम-दीड ग्रॅम प्रथिन मिळालं तरी पुष्कळ झालं.

आता दुसऱ्या बाजूलाही उत्तर द्यायला हवं. 'हे परदेशी खाणं आहे, म्हणून वाईट' असं म्हणणारेही आहेत. मला ते मान्य नाही. डालडा आपल्या बाजारात 1937 पासून आहे आणि त्यात तळलेले अस्सल देशी पदार्थ आपल्या दोन-तीन पिढ्यांनी लग्नकार्यांत पोटभर खाल्ले. शरीराला पदार्थाचं गाव कळत नाही, त्याला स्निग्धाची जात कळते. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं घटवते आणि हृदयविकाराला वाट करून देते. म्हणूनच 1 जानेवारी 2022 पासून आपल्या देशात तेल-तुपात आणि त्यांच्यापासून केलेल्या पदार्थांतल्या स्निग्धात तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. हा नियम मोठा आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ट्रान्स चरबी गेली म्हणजे काळजी मिटली असं नव्हे. तिच्या जागी बहुतेकदा पामतेलावर आधारलेले घट्ट स्निग्ध पदार्थ येतात आणि पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त चरबीचा. अठरा ग्रॅममधले नऊ तिचे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 1700 उष्मांक लागतात, त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेने दिवसभराची संपृक्त चरबी 19 ग्रॅमच्या आत हवी.

'पोटात काहीतरी पडलेलं बरं' हा तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण आपल्याकडे उणीव नुसत्या उष्मांकांची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हीच मुलं पुढे शाळेत येतात. त्यांना लोह हवं, प्रथिन हवं, चोथा हवा. पफमधून त्यांना साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिन मिळेल, दोन ग्रॅमच्या आत चोथा आणि जेमतेम एक मिलिग्रॅम लोह.

त्याच 330-340 उष्मांकांत दुसरं काय बसतं? पन्नास ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी आणि तीस ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी. यात प्रथिन बारा ग्रॅमच्या वर, चोथा आठ-नऊ ग्रॅम, लोह चार मिलिग्रॅमच्या पुढे. भाकरी वर्गात वाळते, मुलं लाजतात, हे खरं आहे. मग बाजरी-ज्वारीच्या पिठात थोडं बेसन घालून धपाटे करा. ते संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, दोन बोटांत धरून खाता येतात. सोबत सोललेली मोसंबी द्या. धान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी तर आपल्याच जिल्ह्याची. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून तुरीचे वाण निघाले, महिकोसारखी बियाण्यांची कंपनी 1964 मध्ये जालन्यात उभी राहिली, शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राने एएचबी 1200 हा लोहाने समृद्ध बाजरीचा संकरित वाण दिला. ज्या पट्ट्यात हे बी तयार होतं, तिथल्या मुलाच्या मधल्या सुट्टीत मैदा का यावा, याचं उत्तर शेतीत नाही, आपल्या सकाळच्या घाईत आहे. ती घाईही खरी आहे, आणि तिचा सगळा भार आईवर टाकून चालणार नाही. पीठ रात्री मळून ठेवणं बापाला सहज जमतं.

पफवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. वाढदिवसाला, जत्रेला, महिन्यातून एखाद्या वेळी तो आवडीने खावा. शाळेच्या दारात मात्र तो नको. महाराष्ट्र सरकारने मे 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून पिझ्झा-पेस्ट्रीसारखे पदार्थ काढायला सांगितलं. 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. शालेय व्यवस्थापन समितीत पालक बसतात. पुढच्या बैठकीत हा विषय मांडणं त्यांच्या हातात आहे.

यावर 'छोट्या बेकरीवाल्याच्या पोटावर पाय येईल' हा आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. भट्टी पहाटे पेटवणाऱ्या माणसाचं नुकसान व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्याकडून मागणं एवढंच: ज्या मार्गारीनच्या खोक्यातून तो स्निग्ध काढतो, त्यावर ट्रान्स आणि संपृक्त चरबीचे आकडे आधीच छापलेले असतात. तो छापील तुकडा कापून त्याने काउंटरच्या काचेला आतून चिकटवावा.