मोरीत वाहून जाणारे सत्त्व



गेल्या वर्षी माझ्या मुलीचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरी पालेभाजी होते का?" मी म्हणाले, "आठवड्यातून तीनदा." ते खरेच होते. मी कारकून बाई. हिशेब जुळला नाही की मला चैन पडत नाही. स्वयंपाकघराचा जमाखर्च मांडला तेव्हा गळती सापडली ती मोरीत!

सकाळची लोकल गाठायची म्हणून मी रात्रीच पालक चिरून पाण्यात घालून ठेवत असे. सकाळी ते पाणी ओतायचे, भाजी उकडायची आणि पिळून तेही पाणी ओतायचे. 'क' आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. 'क' तर उष्णतेने आणि हवेनेही नष्ट होते. भाजीतले लोह अंगी लागायला हेच 'क' मदत करते. तेच मी रोज ओतून देत होते.

आता रात्री भाजी फक्त निवडून ठेवते. सकाळी आधी धुते, मग चिरते. झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजवते. लिंबू पिळायचे ते भाजी उतरवल्यावर. जेवणावर लगेच चहा बंद केला, कारण चहा लोह शोषू देत नाही. तासभर तरी जाऊ द्यावा.

भाताचेही तसेच. आपल्या आज्या पेज मीठ घालून पीत. आपल्याला त्यात कमीपणा वाटतो, म्हणून ती ओततो. तांदूळही पाच-पाच पाण्यांनी धुतो. त्यात 'ब-१' वाहून जाते. जावा बेटावर आईकमन नावाच्या डॉक्टरांना असे दिसले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तांदूळ फार पांढराशुभ्र घेऊ नका, एक-दोनदाच धुवा आणि बेताचे पाणी घालून शिजवा. पेज काढलीच तर पिऊन टाका किंवा आमटीत घाला.

डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नका. सोड्याने 'ब-१' नष्ट होते. डाळ आधी भिजत घाला. मटकी, मूग यांना मोड आणा. मोड आले की त्यात 'क' तयार होते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने फेकू नका. त्यांचे पैसे आपण दिलेलेच असतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. जंत, पाळीतला जादा रक्तस्राव, अपुरे जेवण अशी त्याची कारणे अनेक आहेत. नुसत्या झाकणाने आणि लिंबाने तो बरा होणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नका.

माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन चार महिन्यांनी साडेअकरावर आले. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी मान्य करते. पण गोळ्या संपतात, स्वयंपाक रोजचा असतो.

आणि एक. सकाळी भाजी धुऊन चिरायला वेळ कुठला, असे तुम्ही म्हणाल. आमच्या घरी ते काम आता मुलाचे वडील आणि मुलगा करतात. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, पण आता सवय लागली आहे. तुमच्याही घरी करून पाहा.