मोठा हॉर्न कोणाला ऐकू जातो?

नवी दुचाकी घरी आली की पहिल्या महिन्याभरात ज्या वस्तू बदलल्या जातात, त्यांत हॉर्नचा क्रमांक बराच वरचा असतो. कंपनीचा हॉर्न नुसता ‘पीं-पीं’ करतो, ट्रकवाल्याला ऐकूच जात नाही, ही तक्रार ठरलेली. मग चारचाकीला लावतात तसा, गोगलगायीच्या आकाराचा दोन सुरांचा जोडहॉर्न बसतो. तो जास्त विजेचा प्रवाह ओढतो आणि मूळचे बटण व वायर जळू शकते, म्हणून मेकॅनिक सोबत रिले आणि फ्यूजही लावतो. काही जण तर थेट ट्रकचा प्रेशर हॉर्न लावून घेतात.

यामागची भीती खोटी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. ज्याच्याभोवती पत्रा नाही, त्याला ‘मी इथे आहे’ हे सांगावेसे वाटणे साहजिक आहे. प्रश्न एवढाच, की मोठा हॉर्न हे काम खरोखर करतो का?

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. आवाज १० डेसिबलने वाढतो तेव्हा त्याची ऊर्जा दहापट होते, पण आपल्या कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. पुढच्या मोटारीच्या काचा बंद, एसी आणि गाणी सुरू असतील, तर बराच आवाज काचेवरच अडतो. दुचाकीस्वाराचीही तीच गत. वेग ८०-१०० किलोमीटरवर गेला की हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो.

शिवाय ऐकू येणे आणि कुठून आला ते कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोहोचतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. बंद मोटारीत किंवा दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्यावर आवाज आपटून परततो आणि हा हिशेब चुकतो. शेजारी अचानक कर्कश हॉर्न वाजला की पायी चालणारा ज्येष्ठ नागरिक जागच्या जागी थिजतो, सायकलवाला दचकून भलतीकडेच वळतो. इशारा ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि अपघाताचे नवे कारण मात्र तयार होते.

खरी मेख पुढेच आहे. हॉर्न ऐकू येतो तो भोवतीच्या गोंगाटापेक्षा वर असला तरच. एकाने १० डेसिबल वाढवले तर त्याला फायदा होतो. चौकातल्या सगळ्यांनी वाढवले तर गोंगाटही तेवढाच वर चढतो आणि प्रत्येकजण पुन्हा मूळ जागी येतो. मग आणखी मोठा हॉर्न. तमाशाच्या फडात पुढचा उभा राहिला म्हणून मागचेही उभे राहतात, दिसते कोणालाच नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात, तसाच हा प्रकार.

दुखणे पायावर थांबत नाही, हा इथला फरक. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनिलहरींचे संदेशात रूपांतर करतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे, तर १०९ डेसिबलला दोन मिनिटांहून कमी. म्हणजे एकेका सेकंदाचे असे शंभर-सव्वाशे हॉर्न कानावर पडले की दिवसभराचा वाटा संपला. चौकातला वाहतूक पोलिस, रिक्षाचालक, सिग्नलवरचा फेरीवाला यांचा तो किती लवकर संपत असेल, याची कल्पना करावी. कानापलीकडेही परिणाम आहेत. रहदारीच्या सततच्या आवाजाचा झोपमोड आणि हृदयविकाराशी असलेला संबंध पाहूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या रहदारीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल सुचवली.

कायदा आपल्याकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ नुसार हॉर्नचा आवाज एकसलग हवा. एकामागून एक सूर बदलणारे, कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न चालत नाहीत. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांचा प्रयोग गाजला. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू! लोक हसले, पण हॉर्न वाजवल्याने सिग्नल लवकर सुटत नाही, हे त्यातून नेमके समजले.

हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिनचे सूर असावेत, अशी कल्पना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडली. सूर गोड झाल्याने चिडचिड कदाचित कमी होईल. पण बासरी ११० डेसिबलने वाजली, तर केसपेशींसाठी ती ११० डेसिबलच. सुरापेक्षा पातळीकडे आणि वाजवण्याच्या सवयीकडे पाहायला हवे. रस्त्यावर एकेक दुचाकी अडवण्यापेक्षा असे हॉर्न विकणाऱ्या दुकानांवर नजर ठेवणे सोपेही आहे आणि परिणामकारकही.

मग दुचाकीस्वाराने काय करावे? हॉर्न क्षीण झाला असेल तर आधी बॅटरी, गंजलेली जोडणी आणि आत शिरलेले पाणी तपासून घ्यावे. अनेकदा तेवढ्यावर काम भागते. बदलायचाच तर प्रमाणित, एका सुराचा घ्यावा. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा वेळी हॉर्न न वाजवता मागे सरकावे. ताशी ६० किलोमीटरला दुचाकी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. हॉर्न वाजवून समोरच्याच्या प्रतिसादाची वाट पाहण्यात तो सेकंद जातो. ब्रेकवर गेलेला हात मात्र लगेच कामाला लागतो.

मोठा हॉर्न सगळ्यात स्पष्ट ऐकू जातो तो दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला आणि रोज, प्रत्येक वेळी, स्वतः वाजवणाऱ्याला.