पंख्याची मोटर बदलण्याआधी



जुन्या पोर्शे ९११ च्या ऑइल कूलरचा पंखा बंद पडला तर मोटर बदला, नाहीतर डॅशबोर्डवरून थेट स्विच द्या, हा अकोल्याच्या वाचकांचा सल्ला मला अजिबात पटला नाही.

१९८९ ते १९९४ च्या ९११ मध्ये, म्हणजे ९६४ मॉडेलमध्ये, हा पंखा पुढच्या उजव्या चाकाजवळ असतो. त्याला दोन वेग. हळू वेगाचा करंट रेझिस्टरमधून जातो आणि बहुतेकदा जळतो तो हा रेझिस्टरच. मग तेल फार तापल्यावरच पंखा एकदम जोरात सुटतो आणि दोष बिचाऱ्या मोटरवर येतो. मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन पाहा. फिरली, तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि रेझिस्टर तपासा.

थेट स्विच तर धोक्याचाच; चालवणारा विसरला की संपलं! या एअर-कूल्ड इंजिनाची बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं. अमरावती-अकोला महामार्गावर धावत्या गाडीला वारा मिळतो. मे महिन्यात अकोल्याच्या गर्दीत अडकलेल्या गाडीला मात्र हळू वेगाचा पंखाच वाचवतो. नवा रेझिस्टर मूळच्याच ओहमचा घ्या.

– एक वाचक, अमरावती