नऊ कुकरांची कॉफी

गोंदियाच्या माणसाला ‘एक्सप्रेस’ म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक रुळावरची आणि दुसरी मांडवातली.

रुळावरची म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. ती कोल्हापूरहून निघते, सारा महाराष्ट्र पालथा घालते आणि आमच्या गावी येऊन दमून थांबते. गोंदिया नावाचं गाव आहे हे पुण्याच्या पुष्कळ लोकांना त्या डब्यांवरच्या पाटीमुळेच कळलेलं असतं. मुंबईकरांवर हेच उपकार विदर्भ एक्सप्रेसने केलेले आहेत. “गोंदिया म्हणजे ते शेवटचं स्टेशन ना?” असं ते विचारतात. आम्ही “हो” म्हणतो. पुढे रूळ थेट हावड्यापर्यंत गेलेले आहेत, हे सांगून कोणाचं भलं होणार आहे?

मांडवातली म्हणजे ‘एक्सप्रेसो’. शुद्ध उच्चार ‘एस्प्रेसो’ असा आहे हे मला ठाऊक आहे. पण लग्नात शुद्ध उच्चाराची जबाबदारी भटजींची असते. जेवणाच्या टेबलांपासून जरा बाजूला, जनरेटरच्या शेजारी हे धूड उभं असतं. खाली आग, पोटात वाफ आणि अंगाला एक नळी. यंत्रवाला जगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीची पूड टाकतो, नळी आत खुपसतो आणि चावी फिरवतो. मग ‘घुर्रर्र’ असा जो आवाज उठतो, त्यापुढे वरातीचा बँडही क्षणभर नरमतो. पेल्यात फेसाचा डोंगर उभा राहतो, त्यावर चॉकलेटची पूड भुरभुरते आणि माणूस फेसाच्या पांढऱ्या मिशा लावून वधूपक्षाला आशीर्वाद देतो. पौषातली थंडी असो नाहीतर वैशाखातली आग असो, लहानपणापासून मी हीच एक्सप्रेसो पीत आलो आणि अत्यंत समाधानी होतो.

त्या समाधानाला आमच्या चिरंजीवांची दृष्ट लागली.

चिरंजीव पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत. २०२० साली साथीच्या दिवसांत ते घरी आले, तेव्हापासून वर्षातले दोन-तीन महिने इथूनच काम करतात. गेल्या दिवाळीत आले ते मंडईचे दिवस होते. झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात आणि नाटकाच्या मांडवाबाहेर चहाची पातेली प्रयोगाच्या शेवटापर्यंत उकळत असतात. असाच एक रात्रभर चहा पिऊन मी सकाळी घरी आलो, तर चिरंजीव म्हणाले, “बाबा, यंदा आपण घरी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचं.”

“कोणाचं लग्न आहे?” मी विचारलं.

“बाबा, ती एस्प्रेसो नव्हे. तुम्ही जन्मात एस्प्रेसो प्यायलेलाच नाहीत.”

बासष्टाव्या वर्षी हे ऐकणं सोपं नाही. पण ते खरं निघालं. मांडवातलं यंत्र फक्त दूध वाफाळतं. खऱ्या एस्प्रेसोत दुधाचा थेंब नसतो. बारीक दळलेल्या कॉफीची घट्ट दाबलेली वडी करायची आणि तिच्यातून ९० अंशांच्या वरचं गरम पाणी ९ बार दाबाने पंचवीस-तीस सेकंदांत ढकलायचं. १८ ग्रॅम पूड घातली की साधारण ३६ ग्रॅम काळा, दाट रस मिळतो. तो दोन घोटांत संपतो.

“९ बार म्हणजे किती?” मी विचारलं.

“कुकरची शिट्टी होते ना, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका बारने जास्त असतो.”

म्हणजे नऊ कुकर! आमच्या घरात एका कुकरच्या शिट्ट्या मोजायची जबाबदारी माझ्यावर टाकली, तर वरणाचा लगदा होतो. तिथे हा मुलगा नऊ कुकरांचा जोर ओट्यावर आणून बसवणार, आणि कशासाठी, तर दोन घोटांसाठी!

मी विरोध जाहीर केला. तो इथेही नोंदवून ठेवतो. कारण हा रोग फक्त आमच्या घरात नाही. हल्ली जिथे जावं तिथे कोणाचा ना कोणाचा मुलगा यंत्र निवडत बसलेला असतो.

माझा पहिला आक्षेप निवडण्यालाच आहे. चिरंजीवांनी तक्ता केला होता. हाताने दांडा दाबायचं यंत्र, अर्धं आपोआप चालणारं, पूर्ण आपोआप चालणारं आणि कॅप्सूलवालं. किमती सात-आठ हजारांपासून लाखाच्या वर. त्याच्या आईचं स्थळ मला दाखवलं तेव्हा एवढे रकाने नव्हते. आणि स्वस्त यंत्रावर १५ बार, २० बार अशी मोठमोठी अक्षरं. मी भोळेपणाने विचारलं, “नऊच लागतात, तर पंधरा कशाला?” तेव्हा कळलं, की तो आकडा पंपाच्या जास्तीत जास्त ताकदीचा असतो, कॉफीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे पोहे कांडायला पहिलवान ठेवण्यातला प्रकार.

दुसरा आक्षेप. यंत्र घेतलं म्हणून कॉफी होत नाही. खरी मेख दळणात आहे. पूड जाड पडली तर पाणी धो धो निघून जातं आणि कॉफी आंबट होते. फार बारीक पडली तर थेंब थेंब गळतं आणि कडवट होते. आणि कमीजास्त पडली तर पाणी कच्चा रस्ता शोधून तिथूनच पळतं. म्हणून चांगली चक्की वेगळी घ्यावी लागते आणि जाणकार म्हणतात, पैसे टाकायचे तर आधी चक्कीवर टाका. वर बिया ताज्या भाजलेल्या हव्यात, दळल्यावर लगेच वापरायला हव्यात. त्या पूर्वी येमेनहून बाबा बुदान यांनी आणल्या असं सांगतात. आम्ही त्या पुण्याहून कुरिअरने आणायच्या. आता भातगिरण्यांच्या या गावात कुरकुरणारं आणखी एक जातं घरात कशाला हवं? शेजारी राईस मिलवाले भाऊ राहतात. त्यांनी कुंपणावरून विचारलंच, “काकाजी, घरातच मिल टाकून राहिले म्हणते?”

तिसरा आक्षेप पाण्याचा. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून चुनकळी लावल्यासारखी दिसते. तोच थर यंत्राच्या पोटात बसतो आणि नळ्या बुजतात. मग दर काही आठवड्यांनी लिंबाच्या सत्वाचं पाणी फिरवून त्याला रेच द्यायचा. ज्या घरात माणसांनी वेळेवर एरंडेल घेतलं नाही, तिथे यंत्राचं पोट कोण सांभाळणार?

हे तिन्ही आक्षेप चिरंजीवांनी हसून ऐकले. म्हणून मी चौथा काढला, आणि तो इतिहासाचा होता. त्यासाठी मी तीन दिवस वाचन केलं. मुलाला हरवण्यासाठी बाप काय वाटेल ते वाचू शकतो.

एस्प्रेसो जन्मली ती गर्दीसाठी. इटलीत तूरिन शहरात १८८४ साली आंजेलो मोरिओंदो याने वाफेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेराने गिऱ्हाईक उभं असतानाच एकेक कप काढून देणारं यंत्र केलं. देझिदेरियो पावोनीने ते हक्क घेतले आणि १९०५ पासून यंत्रं तयार करून विकायला सुरुवात केली. जाडसर फेस आणणारा खरा दाब आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आकिले गाज्जाच्या दांड्यामुळे. या सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता. दुकानात माणसांची रांग आहे, घाईत आहे, तिला कॉफी लवकर कशी द्यायची? मग ज्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत, कोणी रांगेत नाही आणि कोणाला कुठे जायचं नाही, तिथे या यंत्राने करायचं काय? आणि इटलीतली माणसं घरी काय करतात? ती १९३३ साली निघालेली बियालेत्तीची ती लहानशी आठ पैलू किटली शेगडीवर ठेवतात. ज्यांनी यंत्र शोधलं त्यांना घर आणि दुकान यांतला फरक कळतो. आपल्याला कळत नाही.

आपल्याकडेही कॉफीचं खरं घर बाहेरच होतं. तरुणपणी मी नोकरीच्या मुलाखतीला इथून छोट्या लाईनच्या गाडीने बालाघाटमार्गे जबलपूरला गेलो होतो. नोकरी मिळाली नाही. पण कॉफी हाऊस मिळालं. कॉफी बोर्डाने आपली हॉटेलं बंद करायला घेतली तेव्हा तिथल्या नोकरांनी १९५७ च्या सुमारास सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली, त्यांतलंच ते. तुरेवाला फेटा बांधलेल्या त्या वाढप्याने मला कॉफी अशी दिली, की मुलाखत मीच घेतली असावी. एका कपावर मी दोन तास बसलो. कोणी उठवलं नाही. ती कॉफी किती बारची होती हे मला अजून ठाऊक नाही.

आणि पाचवा आक्षेप, जो मला हुकमी वाटत होता. हे यंत्र एका वेळी एकच कप देतं, फार तर दोन. जंक्शनच्या गावात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे येत नाहीत. ते गाडी बदलतात. आमगावचे, बालाघाटचे, डोंगरगडचे, वडसा-नागभीडकडचे. दोन गाड्यांच्या मधल्या तासाभरात सहा माणसं पायऱ्या चढतात. सहाव्याला कप मिळेपर्यंत पहिल्याची गाडी सुटलेली असेल. चहाचं पातेलं मात्र विचारत नाही, किती जण. पाणी वाढवलं की झालं. “आपला पाहुणचार एका पातेल्यावर उभा आहे!” असं मी मोठ्याने म्हणालो आणि टाळीची वाट पाहू लागलो.

टाळी आली नाही. आतून ही आली.

“पातेल्यावर नाही जी,” ही म्हणाली, “माझ्या पायांवर उभा आहे.”

मी गप्प झालो.

“अडतीस वर्षं झाली. सकाळी दोनदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा आणि गाडी बदलणारे वेगळे. तुम्ही बाहेरून ‘अगं, चार कप’ म्हणता, तेही पाहुण्याशी बोलता बोलता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही तुम्ही दवाखान्यात मलाच विचारलंत, घरी चहापत्तीचा डबा कुठे आहे. पोरगा निदान म्हणतो, मशीन मी चालवीन, मी धुवीन. तुमच्या सगळ्या भाषणात उठून कॉफी कोण करील, हे कुठे आलंच नाही.”

वाचकहो, मी वादविवाद स्पर्धेत ढाल मिळवलेला मनुष्य आहे. ती ढाल अजून कपाटावर आहे. त्या दिवशी ती काही कामाची नव्हती. मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. दिवसाला पाच वेळा धरलं तरी अडतीस वर्षांचे ते एकोणसत्तर हजारांच्या वर जातं. तेवढ्या वेळा एक बाई उठली, आणि मी पेपरचं पान उलटलं.

तेव्हा मला यंत्राची खरी किंमत कळली. चहा असो, कॉफी असो, कुठल्याही यंत्राचा सर्वांत महाग भाग म्हणजे त्यासाठी उठणारं माणूस. तो भाग आमच्या घरात अडतीस वर्षं फुकट मिळत होता, म्हणून मला सात-आठ हजार जास्त वाटत होते.

तरीही यंत्राविरुद्धची माझी पाचही कलमं मी मागे घेतलेली नाहीत. हरलो म्हणून माझं चुकलं असं होत नाही. मी फक्त सहावं कलम जोडलं: ज्याला विरोध करायचा आहे त्याने आधी ओट्यापाशी उभं राहावं. आम्ही तडजोड केली. चिरंजीवांनी नागपूरहून मद्रासी पद्धतीचा स्टीलचा फिल्टर आणला, काही शे रुपयांचा. वर भोकांचा डबा, खाली साधा डबा, मधे दांडीची चकती. पूड भरायची, उकळतं पाणी ओतायचं आणि स्वस्थ बसायचं. पंधरा-वीस मिनिटांत अर्क खाली उतरतो. ना वीज, ना पंप, ना बार. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काय करील तेवढंच. सकाळी एकदा अर्क काढून ठेवला की सहा पाहुणे आले तरी दूध तापवण्याचंच काम उरतं.

हे काम आता माझं आहे. पहिल्या दिवशी चकती घालायला विसरलो. दुसऱ्या दिवशी खालचा डबा लावायला. तिसऱ्या दिवशी जे झालं त्याला हिने “काढा बरा झाला” असं प्रशस्तिपत्र दिलं. गेल्या आठवड्यात बालाघाटचे साडूभाऊ गाडी बदलायला आले. मी सवयीने आत पाहून म्हणालो, “अगं, चार कप—”

आतून उत्तर आलं, “साखर डाव्या हाताच्या डब्यात आहे.”

साडूभाऊंनी कॉफी प्यायली, कप खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताईंची तब्येत बरी आहे ना?”